दंतकथा शाबूत, वास्तू जर्जर
(मुंबईच्या वॉटसन हॉटेलच्या निमित्ताने)

मुंबईच्या काळा घोडा भागातील वॉटसन हॉटेलविषयी आपल्याकडे जे काही लिहिले गेले, त्याचा मोठा भाग तीन गोष्टींनी व्यापलेला आहे. जमशेटजी टाटांना तेथे प्रवेश नाकारण्यात आला आणि त्या अपमानातून ताजमहाल हॉटेल उभे राहिले, ही पहिली गोष्ट. मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक तेथे उतरला होता, ही दुसरी. ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ तेथे झाला, ही तिसरी. वृत्तपत्राची रविवारची पुरवणी असो की प्रवाशांसाठीची मार्गदर्शिका, याच तीन गोष्टी थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटतात. या गोष्टी सांगितल्या जात असताना त्या इमारतीच्या सज्ज्यांचे भाग रस्त्यावर कोसळले, एका माणसाचा जीव गेला, पुढे आतल्या सर्वांना जागा सोडावी लागली आणि इमारत पाडावी की राखावी हा वाद न्यायालयात जाऊन बसला. जिच्याविषयी इतके बोलले गेले, त्या वास्तूची देखभाल इतकी थोडी व्हावी ही विसंगती तपासून पाहण्याजोगी आहे. एखाद्या वास्तूची दंतकथा आणि तिची देखभाल यांचे परस्परांशी नाते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

जळगाव-धुळ्याकडील वाचक येथे एक रास्त प्रश्न विचारील. समुद्रकाठच्या त्या गोऱ्या साहेबांच्या हॉटेलाशी आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो वरवर दिसतो त्याहून जवळचा आहे.

कापूस, लोखंड आणि अजिंठा

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या आपल्याकडील कापसाला न भूतो असा भाव आला. त्या कापसात खान्देशच्या काळ्या जमिनीचाही वाटा होता. जळगाव ही मोठी कापूसपेठ म्हणून नावारूपाला आली ती याच युद्धाच्या काळात. पैशाच्या त्या पुरात मुंबईने आपल्या किल्ल्याचा जुना कोट पाडला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाबाहेरच्या एस्प्लनेड मैदानाचे भूखंड पाडून ते विकण्यात आले. जॉन हडसन वॉटसन या इंग्रज कापडव्यापाऱ्याने तेथे जागा मिळवली. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव गडगडले आणि सट्ट्यावर उभी असलेली मुंबईतील अनेक घराणी धुळीला मिळाली. वॉटसनने आपला बेत सोडला नाही. ज्या समृद्धीच्या लाटेवर ही जागा विकली गेली, त्या लाटेत आपल्या शेतकऱ्याचा घाम मिसळलेला होता. त्याच्या वाट्याला तिच्यातले किती आले हा प्रश्न वेगळा.

वॉटसनने इमारतीचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याकडून करून घेतला. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनासाठी लोखंड आणि काच यांचा जो ‘क्रिस्टल पॅलेस’ उभारला गेला, त्याच्या कामात ऑर्डिशचा हात होता. पुढे लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाचे प्रचंड छत आणि अल्बर्ट हॉलचा घुमट यांच्याशीही त्याचे नाव जोडले गेले. वॉटसनच्या इमारतीचे लोखंडी भाग इंग्लंडमध्ये ओतून तयार करण्यात आले, जहाजाने मुंबईस आणण्यात आले आणि १८६७ ते १८६९ या काळात येथे जुळवण्यात आले. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झाले. भारतात आज शिल्लक असलेली, ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची सर्वांत जुनी इमारत अशी तिची ओळख आहे.

या बांधणीचे मर्म थोडक्यात समजून घेतले पाहिजे, कारण पुढील सारी कथा त्यावर अवलंबून आहे. आपल्या जुन्या वाड्यात किंवा दगडी चर्चमध्ये भिंत हीच भार वाहते. भिंत काढली तर छप्पर खाली येते. वॉटसनच्या इमारतीत भार वाहतात ते लोखंडी खांब आणि तुळया. विटांच्या भिंती केवळ मधली पोकळी भरण्यापुरत्या. त्यामुळे दर्शनी भाग मोकळा सोडता आला, मजल्यामजल्याला लांबच लांब सज्जे काढता आले आणि समुद्रावरचा वारा खोल्यांतून खेळवता आला. आजच्या उंच इमारतींची कल्पना येथे दीडशे वर्षांपूर्वी बीजरूपाने दिसते. मात्र अशा सांगाड्याचा जीव त्याच्या सांध्यांत असतो. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते. ताण आणि धक्का त्याला सोसत नाही, ते वाकण्याऐवजी तडकते. सांध्यात पाणी मुरत राहिले, खारी हवा लागत राहिली आणि मूळ आराखड्यात नसलेले ओझे मजल्यांवर चढत गेले, तर बाहेरून धडधाकट दिसणारी इमारत आतून खिळखिळी होत जाते. म्हणजे या वास्तूला भव्य जीर्णोद्धारापेक्षा दर पावसाळ्याआधी वेळेवर केलेली किरकोळ डागडुजी अधिक हवी होती.

आता अजिंठ्याचा धागा. मद्रासच्या पलटणीतील अधिकारी रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमण्यात आले. खान्देशच्या वेशीवरच्या त्या दरीत त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे घालवली. त्यांनी रंगवलेल्या मोठमोठ्या प्रती लंडनला गेल्या आणि सिडनहॅम येथे नव्याने उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि त्यांतील बहुतेक प्रती भस्मसात झाल्या. पुढच्याच वर्षी, त्याच महालाच्या कामात हात असलेल्या अभियंत्याच्या आराखड्यानुसार मुंबईत वॉटसनची इमारत उभी राहू लागली. एकाच शिल्पविद्येची ही दोन अपत्ये. एकाच्या पोटात अजिंठ्याची चित्रे जळाली. दुसरे आमच्या डोळ्यांदेखत गंजत गेले. आगीला काही तास पुरले. गंजाला शंभराहून अधिक वर्षे मिळाली, आणि तेवढीच वर्षे त्याला थांबवण्याची संधी आपल्यालाही मिळाली होती.

तीन गोष्टींची परीक्षा

आता त्या तीन गोष्टींकडे वळू. टाटांच्या अपमानाची कथा सर्वांत लोकप्रिय आहे. तिला समकालीन पुराव्याचा भक्कम आधार नाही. सांगणारा बदलला की तपशील बदलतो. कधी हॉटेलाचे नावही बदलते. ताजमहाल हॉटेल १९०३ च्या डिसेंबरात सुरू झाले हे सत्य. मुंबईला साजेसे, सर्वांना खुले असे हॉटेल हवे ही गरज त्या काळी जाणवत होती, आणि १८९६ च्या प्लेगने हादरलेल्या शहराला उभारी देण्याची जमशेटजींची इच्छा होती, असेही सांगितले जाते. एवढ्या मोठ्या कार्यामागे एका दरवानाचा उद्धटपणा हे एकच कारण देणे म्हणजे जमशेटजींची उंची कमी करणे होय. तरीही ही कथा टिकली, कारण ती कानाला गोड लागते. तिच्यात अन्याय आहे, स्वाभिमान आहे आणि अखेरीस विजयही आहे.

परंतु या गोडव्याचा इमारतीवर काय परिणाम झाला? या कथेने वॉटसन हॉटेलाला खलनायकाची भूमिका दिली. खलनायक पडला की प्रेक्षक टाळ्या वाजवतात. ताज दिमाखात उभे आहे आणि वॉटसन ढासळत आहे, या दोन दृश्यांना कथेने नियतीच्या न्यायाची चौकट पुरवली. दुर्लक्षाचे रूपांतर न्यायात झाले की मन निश्चिंत होते. गळती बंद करण्याची, सांधे तपासण्याची, पैसे उभे करण्याची कोणतीही निकड मग उरत नाही.

मार्क ट्वेनची गोष्ट वेगळ्या रीतीने वापरली गेली. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईत आला आणि त्या प्रवासावरचे त्याचे पुस्तक पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. मुंबईच्या कावळ्यांवरची त्याची गमतीदार टिपणे सर्वश्रुत आहेत. परंतु त्याच पुस्तकात हॉटेलातला दुसरा एक प्रसंग आहे. खोलीत काहीतरी नीट करून देण्यासाठी आलेल्या हिंदी नोकराला एका जर्मन गृहस्थाने तोंडावर फटका मारला, आणि त्या नोकराने तो मुकाट सोसला. ते पाहून ट्वेनला अमेरिकेतील आपले बालपण आठवले, तेथील गुलाम आठवले, आणि स्वतःच्या वडिलांच्या हातून गुलामाला बसलेला मारही आठवला. आमच्या लेखांनी कावळे जपले आणि हा फटका गाळला. खरे तर त्या वास्तूविषयी एका परक्या पाहुण्याने दिलेली ही सर्वांत मोलाची साक्ष आहे. टाटांच्या कथेला भक्कम पुरावा नाही. या नोकराच्या अपमानाला प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा लेखी पुरावा आहे. पण तो नोकर नामांकित नव्हता, त्याने नंतर हॉटेल बांधले नाही, म्हणून त्याची दंतकथा झाली नाही.

तिसरी गोष्ट पूर्णतः खरी आहे आणि तिचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. तिकीट होते एक रुपया. त्या दिवशी दाखवलेल्या सहा लघुपटांत स्थानकात शिरणारी आगगाडी होती, कारखान्यातून सुटणारे कामगार होते, समुद्रस्नान होते, आणि एका भिंतीच्या पाडकामाचाही पट होता. हा पाडकामाचा पट ल्युमिएरांकडे उलटा फिरवूनही दाखवला जात असे. मग धुळीच्या लोटातून विटा वर उठत आणि पडलेली भिंत पुन्हा ताठ उभी राही. आमच्या देशात पडद्यावर पहिल्यांदा भिंत पडली ती याच छपराखाली, ही नोंद या वास्तूच्या आजच्या अवस्थेत मनाला चटका लावून जाते. पडद्यावरचे यंत्र उलटे फिरवता येते. एस्प्लनेडवर तशी सोय नाही.

कॅथलिक वाचकाने या गोष्टीतील आणखी एक दुवा ध्यानात ठेवावा. या खेळानंतर चौदा-पंधरा वर्षांनी, त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा चित्रपट पाहिला. प्रभू येशूचे जीवन पडद्यावर सरकत असताना, आपल्या देवदेवतांची चरित्रे अशीच दाखवता येतील, हा ध्यास त्यांच्या मनाने घेतला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ अवतरला. वॉटसनच्या दालनात लागलेला दिवा आणि येशूचरित्राने फाळक्यांच्या मनात लावलेला दिवा ही एकाच वाटेवरची दोन ठिकाणे आहेत. चित्रपटसृष्टीची शताब्दी १९९५-९६ मध्ये आपल्याकडे साजरी झाली तेव्हा या खेळाचे स्मरण झाले. पण हा सारा गौरव खेळाचा, वास्तूचा नव्हे. खेळ कोठे झाला हे सांगण्यापुरते वास्तूचे नाव येते आणि वाक्य पुढे सरकते.

तीन गोष्टींची ही परीक्षा करण्याचा हेतू त्यांना खोटे पाडण्याचा नाही. दंतकथेलाही समाजाच्या मनात एक स्थान असते. आक्षेप आहे तो गोष्टीला देखभालीच्या जागी बसवण्याला. स्मरण केले म्हणजे जतन झाले, असा आपला एक समज आहे. वॉटसन हॉटेल हा त्या समजाचा लोखंडी पुरावा आहे.

एक गंभीर आक्षेप

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. जेथे हिंदी माणसाला पाहुणा म्हणून थारा नव्हता, जेथे नोकराच्या तोंडावर फटके बसत, ती वास्तू आम्ही कष्टाने का राखावी? परसत्तेच्या ऐषारामाचे स्मारक पडले तर पडू द्या!

आपल्या श्रद्धेला उतारशाळेची एक कथा परिचित आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात पवित्र मरियेला आणि योसेफाला बेथलेहेमच्या उतारशाळेत जागा मिळाली नाही, आणि तारणारा गव्हाणीत निजला. ख्रिस्तसभेने तो नकार झाकून टाकला नाही. दर नाताळला आपण गव्हाणीसमोर गुडघे टेकतो तेव्हा त्या बंद दरवाजाचेही स्मरण करतो. अन्यायाची जागा पुसली की अन्याय करणाऱ्याची सुटका होते, आणि सोसणाऱ्याचा शेवटचा साक्षीदारही नाहीसा होतो. ट्वेनने पाहिलेला तो नोकर आज आपल्याला कोठे भेटणार? त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याचे पाय ज्या जिन्यांवरून रात्रंदिवस चढले-उतरले, ती वास्तू तेवढी उरली आहे. ती भुईसपाट झाली की साहेबांच्या आठवणी ग्रंथांत राहतील, नोकराची कोठेच राहणार नाही.

शिवाय हे लोखंड इंग्लंडात ओतले गेले तरी ते जागेवर येथे उभे राहिले. खांब उचलणारे, विटा रचणारे, पुढे शंभर वर्षे त्या मजल्यांवर पाणी भरणारे, पंखे ओढणारे, स्वयंपाक करणारे हात बहुतांशी येथल्या माणसांचे होते. त्या हातांची वास्तू परकी म्हणून टाकून देणे म्हणजे त्यांच्या मेहनतीचा हक्कही साहेबाच्या नावावर लिहून देणे होय.

दुर्लक्षाची कार्यपद्धती

आता मुख्य प्रश्न. वास्तू ढासळली कशी? कोणी एक दुष्ट माणूस शोधून त्याच्यावर खापर फोडणे सोपे आहे. या प्रकरणात तसा माणूस सापडत नाही, आणि म्हणूनच ते अधिक बोधप्रद आहे.

ताज उभे राहिल्यानंतर वॉटसनची सद्दी ओसरली. विसाव्या शतकात हॉटेल बंद पडले, इमारतीला ‘एस्प्लनेड मॅन्शन’ हे नाव मिळाले, मोठी दालने लाकडी आडोशांनी विभागली गेली आणि त्या खणाखणांत बिऱ्हाडे, दुकाने व कचेऱ्या नांदू लागल्या. न्यायालये जवळ असल्याने वकिलांच्याही कचेऱ्या आल्या. यात वावगे काही नव्हते. ज्या दारातून एतद्देशीयाला पाहुणा म्हणून प्रवेश नव्हता, त्याच दारामागे आता त्याचा संसार आणि त्याची रोजीरोटी होती. एका अर्थाने हा काव्यगत न्यायच. पण प्रत्येक आडोशाबरोबर, प्रत्येक नव्या मोरीबरोबर आणि पोटमाळ्याबरोबर सांगाड्यावरचा भार आणि ओल वाढत गेली.

भाड्याचे गणित त्याहून बिकट. १९४७ च्या कायद्याचे पूर्ण नावच ‘मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम’ असे होते. महायुद्धानंतरच्या टंचाईत सामान्य भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून वाचवणारा हा कायदा होता आणि त्याचे उपकार विसरता येत नाहीत. परंतु त्याने भाडी १९४० च्या पातळीशी बांधून टाकली, आणि मुदतीपुरता केलेला हा उपाय १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा येईपर्यंत, म्हणजे अर्धे शतक, चालत राहिला. जुन्या भाडेकरूंची भाडी त्यानंतरही फारशी हलली नाहीत. एवढ्या भाड्यात अशा इमारतीचा रंगसुद्धा निघत नाही. मालक म्हणे, उत्पन्न नाही तर दुरुस्ती कशातून करू? भाडेकरू म्हणे, मालमत्ता मालकाची, तर दुरुस्तीचा पैसा मी का घालू? १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींसाठी उपकर आणि दुरुस्ती मंडळ आणले. मंडळापुढे हजारो इमारती होत्या. टेकू लावणे आणि नोटिसा काढणे यापलीकडे त्याचा हात फारसा पोचत नसे.

यानंतर गौरवाचे पर्व आले. १९९५ मध्ये मुंबईत वारसा वास्तूंच्या जतनाचे नियम लागू झाले. देशातले असे ते पहिलेच. या इमारतीला द्वितीय श्रेणी ‘अ’ मिळाली. २००५ च्या जूनमध्ये ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या जागतिक संस्थेने जगातील शंभर संकटग्रस्त स्थळांत तिचे नाव घातले. त्यानंतर थोड्याच दिवसांत सज्जाचा भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला. गौरवाच्या यादीतले नाव आणि मृताचे नाव इतक्या थोड्या अंतराने यावे, याहून कठोर टीका कोणता समीक्षक लिहू शकेल? २०१८ मध्ये या परिसराच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याच वर्षी वॉटसनच्या सज्जाचा आणखी एक भाग खाली आला. २०१९ मध्ये मुंबईच्या आयआयटीच्या अहवालाने इमारत पाडण्याची शिफारस केली आणि आतल्या लोकांना जागा सोडावी लागली. वारसा-जतनाच्या तज्ज्ञांनी त्यास हरकत घेतली. मूळ सांगाडा दुरुस्त होऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे. निर्णय लांबत राहिला, आणि प्रत्येक पावसाळा त्या वादात आपले मत नोंदवत राहिला.

या साऱ्या घटनाक्रमात आपापल्या जागी प्रत्येकाचे म्हणणे थोडे तरी खरे आहे. भाडेकरूचे छप्पर राखणे न्याय्य, मालकाची अडचण खरी, रस्त्यावरून जाणाऱ्याचा जीव सर्वांत मोलाचा आणि वास्तूचे ऐतिहासिक मोल निर्विवाद. उणीव होती ती या चारही सत्यांना एकत्र आणून, ‘यंदाची गळती कोण काढणार आणि पैसे कोण देणार’ या एका वाक्याचे उत्तर देण्याची. हक्क सर्वांकडे होते. जबाबदारी मात्र तुकड्यातुकड्यांत वाटली गेली, आणि वाटता वाटता दिसेनाशी झाली.

संत लूकच्याच शुभवर्तमानात उतारशाळेची दुसरी एक कथा आहे, ती दयाळू शोमरोन्याची. जखमी वाटसरूला पाहून त्याचा कळवळा आला, त्याने जखमा बांधल्या, एवढ्यावर कथा संपत नाही. तो त्याला उतारशाळेत घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून उतारशाळेच्या मालकाच्या हातावर ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना तो देण्याचे वचन दिले. प्रवचनांत कळवळ्याचा भाग आपण पुष्कळ ऐकतो. दोन दीनारांवर आपली नजर क्वचितच ठरते. वास्तविक कळवळ्याचे प्रेमात रूपांतर झाले ते तेथे. त्याने पैसा दिला, माणूस नेमला आणि पुढच्या खर्चाची हमी घेतली. वॉटसन हॉटेलाला कळवळा विपुल मिळाला. दोन दीनार कोणी ठेवले नाहीत.

आपल्या अंगणात

हा निवाडा मुंबईपुरता ठेवून चालणार नाही. रॉबर्ट गिल १८७९ साली भुसावळ येथे वारले आणि तेथेच त्यांचे दफन झाले. गिल आणि पारो यांच्या प्रेमाची कहाणी खान्देशात आणि मराठवाड्यात घरोघरी ठाऊक आहे, ना. धों. महानोरांनी तिच्यावर दीर्घकाव्य लिहिले, २०१२ मध्ये तिच्यावर मराठी चित्रपटही आला. कहाणी अशी भाग्यवान निघाली. परंतु ती वाचून डोळे पुसणाऱ्यांपैकी किती जणांनी भुसावळच्या दफनभूमीत जाऊन त्या कबरीभोवतीचे गवत काढण्याची चौकशी केली असेल? वॉटसनच्या बाबतीत मुंबईकरांना विचारलेला प्रश्न येथे आपल्याला उलटून विचारला जातो.

आपल्याकडे याच्या उलट उदाहरणही आहे, आणि ते अभिमानाने सांगावे असे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले. त्यांच्या आठवणी सांगून सभा विसर्जित करणे सोपे होते. धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभारले आणि त्यांनी जन्मभर गावोगाव वणवण करून मिळवलेल्या कागदपत्रांना छप्पर, कपाट आणि राखणदार मिळवून दिला. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गोळा करून श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात त्यांची सोय लावली. राजवाड्यांच्या तापट स्वभावाच्या दंतकथा काय थोड्या आहेत? पण येथे दंतकथेच्या शेजारी किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारा माणूस उभा राहिला. मुंबईच्या श्रीमंतीला जे जमले नाही, ते एका मध्यम गावाला जमले, कारण जबाबदारी कोणाची हे ठरलेले होते.

मग आपल्या धर्मग्रामांचे काय? नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये स्थापन झाला. परंतु त्यात समाविष्ट असलेल्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडील मिशनकार्य त्याहून पुष्कळ जुने आहे. रेल्वेच्या गावांतील जुनी प्रार्थनामंदिरे, आदिवासी पट्ट्यातील पहिल्या कौलारू शाळा, मिशनचे बंगले, दफनभूमीतले दगडी क्रूस आणि वाळवीच्या वाटेवर असलेल्या स्नानसंस्काराच्या नोंदवह्या ही आपली वॉटसन हॉटेले आहेत. रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत आपण त्यांची छायाचित्रे छापतो. पहिले फादर बैलगाडीतून कसे आले, दुष्काळात धान्य कसे वाटले, ही गोष्ट दर सणाला सांगतो. त्यानंतर कधीतरी जुनी इमारत धोकादायक ठरते आणि तिच्या जागी स्लॅबची नवी उभी राहते. नवी इमारत गरजेची असेल. वाढत्या भाविकांना जुने मंदिर अपुरे पडते हेही खरे. परंतु ती धोकादायक ठरण्याआधीच्या वीस पावसाळ्यांत तिच्या पन्हळी कोणी साफ केल्या, हा प्रश्न धर्मग्रामाच्या सभेत विचारला गेला पाहिजे. जेथे पैशाची खरोखरच चणचण आहे, तेथेही कौले शाकारणे, पन्हळी मोकळ्या करणे, भिंतीत रुजलेला पिंपळ वेळीच काढणे आणि नोंदवह्यांच्या प्रती काढून ठेवणे ही कामे धर्मग्रामातील तरुणांना चार-दोन दिवसांत करता येतील. त्यांना जागतिक संस्थेच्या यादीची गरज नाही.

ज्या संस्थेचा सण आला म्हणून स्मरणिका काढायची, तिच्या हिशेबात जुन्या वास्तूच्या देखभालीसाठी एक स्वतंत्र रक्कम आणि तिच्याशेजारी एका जबाबदार व्यक्तीचे नाव असलेच पाहिजे. हे दोन रकाने कोरे असतील, तर स्मरणिकेचा खर्च एक वर्ष पुढे ढकलावा आणि ते पैसे कौलांवर घालावेत. पावसाळा मृग नक्षत्रावर येतो. तो कोणाच्या महोत्सवाची वाट पाहत नाही.